दाजींचा खोकला

आमच्या दाजींना दमा नाही, तंबाखूचं व्यसन नाही, छातीची कसली जुनी तक्रार नाही. तरी २००९ ते २०२३ अशी चौदा वर्षं ते खोकत होते. घरी नाही, कराडच्या थंडीत नाही. फक्त टेनिस कोर्टाच्या जाळीबाहेर. एकदा खोकले की सर्व्हिस जपून टाक. दोनदा खोकले की डावीकडे सरक आणि बॅकहँडला आलेला चेंडूसुद्धा फोरहँडनंच हाण. तीनदा खोकले की नेटवर जा. आणि नुसताच घसा खाकरून थांबले तर त्याचा अर्थ, समोरचा पोरगा स्कोअर चुकीचा सांगतोय, गप काय बसलास, भांड की.

सामना चालू असताना खेळाडूला बाहेरून काही सांगणं टेनिसमध्ये तेव्हा निषिद्ध होतं. पंच आधी ताकीद देई, मग पॉइंट कापी. खोकू नये असं मात्र नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. ही पळवाट काही एकट्या दाजींनी शोधलेली नाही. देशभरच्या टेनिसबापांत टोपी उलटी फिरवणारे, किल्ल्यांचा जुडगा वाजवणारे, बाटली या हातातून त्या हातात घेणारे अशी निरनिराळी घराणी आहेत. दाजी खोकला घराण्याचे. आवाज खणखणीत, तीन कोर्टं ओलांडून जाणारा. सोलापूरच्या एका स्पर्धेत समोरच्या मुलाच्या आईनं कळवळून त्यांच्या हातावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवली होती. आणि चंदीगडला एका जानेवारीत, धुक्यानं सगळेच पालक खोकत असताना, आमचा भाचा एकाच गेममध्ये पाच वेळा नेटवर धावत जाऊन परत फिरला. ‘बापाचा खोकला ओळखता येत नाही होय रे तुला?’ यावरून त्या रात्री हॉटेलात दोघांचं चांगलंच वाजलं.

टेनिसपटू कसा घडतो याविषयी पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यातलं फारसं कळत नाही. टेनिसबाप कसा घडतो ते मात्र मी, मुलाचा मामा या नात्यानं, अगदी जवळून पाहिलं आहे. दोनदा तर पैसे उसने देऊन पाहिलं आहे.

दाजी कराडचे. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर त्यांच्या घरापासून सायकलनं जाण्याच्या अंतरावर. घराण्यात कुस्ती, पण दाजींच्या वाट्याला देह आला तो बँकेच्या काउंटरमागे बसण्याच्या मापाचा. तालमीत दोन वर्षं त्यांना नुसता हौदा खणायला लावला, आणि मग वस्तादांनीच वडिलांना निरोप धाडला की पोराला शिकवा. तो सल दाजींनी जपून ठेवला. १९५२ साली खाशाबांनी हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, त्यानंतर वैयक्तिक पदक म्हणून देशाला नाही, हे ऐकतच ते मोठे झाले. १९९६च्या ऑगस्टमध्ये अटलांटात लिअँडर पेसनं मेलिजेनीला हरवून ब्राँझ मिळवलं आणि ४४ वर्षांचा उपास सुटला, तेव्हा दाजींनी बँकेत पेढे वाटले. तोवर त्यांनी टेनिस कोर्ट डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण खाशाबांची गादी ज्या खेळानं चालवली तो कुस्तीच्याच गोत्रातला असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आजही रंगात आले की बँकेतली शुद्ध भाषा गळून पडते आणि ते म्हणतात, “पाव्हणं, टेनिस म्हंजी कुस्तीच की. फकस्त मधी जाळी बांधल्याली.”

भाचा २००१चा. सहाव्या वर्षी ताईनं त्याला पुण्यात उन्हाळी शिबिरात घातलं ते निव्वळ दुपारची झोप मिळावी म्हणून. पंधराव्या दिवशी तिथले कोच म्हणाले, “याचा हँड-आय चांगला आहे हं.” कोच मंडळी हे वाक्य तिमाही फी भरायच्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांना ऐकवतात. दाजींना ते माहीत नव्हतं. त्या रात्री त्यांनी कुणाच्याशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला भाच्याचा पुढचा पंधरा वर्षांचा प्रवास काढून दाखवला. तळाशी आयटाच्या, म्हणजे देशातल्या टेनिस संघटनेच्या, स्पर्धा : बारा वर्षांखालच्या, चौदा, सोळा, अठरा. त्यावर आयटीएफच्या ज्युनियर. त्यावर दहा हजार आणि पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा, मग चॅलेंजर, मग एटीपी, आणि अगदी वर, पत्रिकेवरच्या गणपतीच्या सोंडेजवळ, विम्बल्डन. सापशिडीच्या पटासारखं ते चित्र होतं. साप तेवढे काढायचे राहिले होते.

“वरच्या शंभरात आला की झालं,” दाजी म्हणाले.

“जगातल्या?”

“मग काय कोथरूडातल्या? शंभर म्हणजे काय फार नाही. आपल्या सोसायटीत दोनशे फ्लॅट आहेत.”

या हिशेबाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग घर हळूहळू पिवळं होत गेलं. टेनिसचा चेंडू डब्यातून काढल्यावर आठवडाभरात मरतो. उसळी जाते, पण चेंडू जात नाही. ताईच्या घरी खुर्च्यांच्या पायांना चेंडू, दार आपटू नये म्हणून चेंडू, वॉशिंग मशीनखाली चेंडू, कराडहून आलेल्या सासूबाईंच्या वॉकरच्या चारही पायांत चेंडू. सासूबाई मागच्या मागे घसरत येत आणि म्हणत, “बाई, ह्यो खेळ मलाच जास्त लागू पडलाय.”

सर्वांत जास्त जागा गटनं खाल्ली. रॅकेटला तारा बसवणं, आपल्याकडच्या भाषेत गट घालणं, हा प्रकार चौदाव्या वर्षापर्यंत स्वस्तात भागतो. पोराच्या मनगटात जोर आला की आठवड्याला तीन-तीन गट तुटतात आणि प्रत्येक वेळी दुकानदार बापाकडे सहानुभूतीनं पाहून बिल करतो. दाजींनी वैतागून सेकंडहँड गटिंग मशीन आणलं आणि दिवाणखान्यात, टीव्हीच्या जागी बसवलं. सोबत दोनशे मीटरचं रीळ. एका रॅकेटला बारा मीटर लागतात. म्हणजे एका रिळात सोळा रॅकेटी आणि थोडा तुकडा. त्या तुकड्यावर ताईनं पुढं कपडे वाळत घातले.

रात्री नऊ वाजता, बँकेतून येऊन जेवण उरकलं की दाजी मशीनसमोर बसत. उभ्या सोळा तारा, आडव्या एकोणीस. उभ्या चटकन होतात. आडवी तार मात्र एकीवरून, एकीखालून अशी ओढावी लागते. कराडला त्यांचे आजोबा बाज विणायचे तशीच. दर तारेला वजनाचा दांडा सोडायचा, तो आडवा स्थिरावेपर्यंत श्वास धरायचा, चिमटा लावायचा. ताण ५२ पौंड. पावसाळ्यात ५१. पहिल्या वर्षी त्यांनी दोन फ्रेमी मोडल्या. नंतर बोटं अशी बसली की बातम्यांचा आवाज ऐकत, न बघता विणायचे. शेवटची गाठ मारली की तळव्यानं तारांवर थाप मारून आवाज ऐकायचा. ताई म्हणायची, “माझ्या पाठीवर कधी एवढ्या मायेनं हात ठेवला नाही.”

शाळेचं काय? शाळेचं असं की नववीनंतर शाळा नव्हतीच. १७ नंबरचा फॉर्म भरून भाच्यानं २०१७मध्ये बाहेरून दहावी दिली, तीही दोन स्पर्धांच्या मधल्या फटीत. बँकेत दाजींना ऑफिसरचं प्रमोशन दोनदा आलं, दोन्ही वेळा बदलीसकट. दाजींनी दोन्ही वेळा नाकारलं. कारण लिहायच्या रकान्यात त्यांनी ‘कौटुंबिक’ असं लिहिलं. खरं कारण ‘बॅकहँड’ होतं.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना खुर्चीवर पंच नसतो. चेंडू आत की बाहेर ते पोरांनीच सांगायचं. ही व्यवस्था सभ्य माणसांनी सभ्य मुलांसाठी केलेली आहे. जाळीबाहेर बाप उभा असेल हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. २०१३ साली असाच एक चेंडू रेषेवर पडला की दोन बोटं बाहेर, यावरून दाजींचं आणि नाशिकच्या एका दंतवैद्याचं बोलणं बंद झालं. ते सहा वर्षं बंद होतं. या सहा वर्षांत ती दोन पोरं जिवाभावाची मित्र झाली, डबल्स एकत्र खेळली, एकाच खोलीत राहिली. दोघं बाप शेजारशेजारच्या प्लास्टिक खुर्च्यांवर बसून आपापल्या मुलाला स्वतंत्रपणे टाळ्या वाजवत. दाजींची दाढ दुखायला लागली ती नेमकी नाशिकच्या स्पर्धेत; माणसानं रात्रभर लवंग धरली, पण दंतवैद्याकडे बघितलं नाही.

अठरा ओलांडल्यावर दाजींच्या आठवड्याला दोनच वार उरले. सोमवार आणि गुरुवार. सोमवारी जागतिक क्रमवारी लागते. गुरुवारी पुढच्या स्पर्धांची नावनोंदणी बंद होते : ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोन, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसात. पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणीही बंद असे. ताई बादल्या भरत असे आणि दाजी लॅपटॉपसमोर घड्याळ लावून बसत. कैरोत किती जण उतरलेत, अंताल्यात कट-ऑफ कुठं लागेल, मोनास्तिरला क्वालिफाइंगमध्ये तरी शिरकाव होईल का? सात पंचविसाला एक स्पर्धा काढायची, सात अठ्ठाविसाला दुसरी घालायची. शेअर बाजारातल्या दलालाची सगळी धडधड, फक्त शेअर नाहीत.

याच सुमारास बालेवाडीला मोठी स्पर्धा येऊ लागली होती. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८पासून पुण्यात आली, आणि २०१९च्या जानेवारीत अंतिम सामना झाला केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात. अँडरसन सहा फूट आठ इंच. कार्लोविच सहा फूट अकरा, वय चाळिशीला टेकलेलं. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले, कारण कुणाचीच सर्व्हिस कुणाला परतवता येईना. दाजी, उंची पाच फूट पाच, माझ्या शेजारी बसून ते मुकाट पाहत होते. परतताना चांदणी चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिथं सिग्नलला म्हणाले, “आपला किती?”

“पाच आठ.”

दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये लोखंडी बार बसला. पोरानं रोज त्याला वीस मिनिटं लोंबकळायचं. बदाम, खारीक, म्हशीचं दूध, शिवाय रविवारी मल्लखांब. चार महिन्यांनी भाचा पाच आठच भरला, पॅसेजची भिंत मात्र अर्धा इंच खाली आली. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनाचा श्वार्ट्झमन, तोही पाच सात, जगात आठवा झाल्याचं वाचलं तेव्हा दाजींनी समाधानानं बार काढला आणि त्या लॉकडाउनोत्तर दिवाळीत आकाशकंदील टांगायला वापरला.

दाजींना एक आकडा पाठ होता, ३३६. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१३ सालचा हिशेब मांडून काढलेला : पुरुषांत साधारण ३३६व्या क्रमांकाला पोचलात की बक्षिसाच्या पैशात खर्च भागतो. त्याखाली जगातले सगळे खेळाडू पदरमोड करून खेळतात. बायकांत तोच आकडा २५३. दाजी हे अशा सुरात सांगत, की जणू ३३६ ही पुढची बस आहे आणि आपण स्टॉपवर उभेच आहोत. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा म्हटलं की कराडच्या नातेवाइकांना वाटे, पोरगा बारा लाख घेऊन येणार. प्रत्यक्षात ते पंधरा हजार सगळ्यांत वाटायचे असतात. जिंकणाऱ्याला २१६०. मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. त्यातून कर जातो आणि उरलेल्यात विमान, खोली, जेवण, गट.

ट्युनिशियातल्या मोनास्तिरला आठवडेच्या आठवडे याच दर्जाच्या स्पर्धा त्याच कोर्टांवर चालतात. २०२२ साली भाचा तिथं महिनाभर मुक्कामाला होता. तिसऱ्या आठवड्यात क्वालिफाइंग पार करून तो मुख्य ड्रॉमध्ये आला. तिथं एक सामना जिंकला की एक गुण. आयुष्यातला पहिला एटीपी गुण. सामना तिथं सकाळी दहाचा, म्हणजे पुण्यात अडीचचा. दाजी बँकेत, काउंटरवर, ड्रॉवरमध्ये मोबाइल, मोबाइलवर लाइव्ह स्कोअर. पहिला सेट गेला, ४-६. दुसऱ्यात १-१. दाजींना राहवेना. त्यांनी ड्रॉवर थोडा उघडला, वाकले, आणि मोबाइलकडे तोंड करून दोनदा खोकले. कोविड नुकताच सरला होता. पासबुकं घेऊन उभी असलेली रांग एकदम सहा फूट मागं गेली. २-१. पुन्हा खोकले. ३-१. रांगेतल्या दोघांनी मास्क चढवले. आणि मग स्कोअर हलेचना. पाच मिनिटं, सात मिनिटं. नेटवर्क गेलं म्हणून दाजींनी मोबाइल खिडकीबाहेर धरला. शेवटी एक संदेश आला, भाच्याचा, रोमन लिपीत : ‘त्याला पेटके आले. सोडून दिलं त्यानं. जिंकलो.’

पेटक्यांनी मिळालेला असो नाही तर पेढ्यांनी, गुण तो गुण. नंतरच्या एका सोमवारी क्रमवारीत भाच्याचं नाव आलं, अठराशेच्या पुढं कुठंसं. दाजींनी त्या पानाची छापील प्रत काढून चौकट करून घेतली आणि खाशाबांच्या फोटोखाली लावली. मला म्हणाले, “आता फक्त सतराशे जण हरवायचे राहिले.”

एटीपीचा गुण बावन्न आठवडे टिकतो. बरोबर बावन्न. मुरांब्यापेक्षा बरा, लोणच्यापेक्षा कमी. त्या वर्षात भाचा अकरा देशी-विदेशी स्पर्धा खेळला, पण पुन्हा तशी फेरी निघाली नाही. कुणाला पेटकेही आले नाहीत. २०२३मधल्या त्या सोमवारी दाजींनी लॅपटॉप उघडला नाही. आज शंकराचा उपास आहे म्हणाले. ताईनं साबुदाण्याची खिचडी टाकली आणि काही विचारलं नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पेपरात बातमी आली की सुमित नागल, देशाचा त्या वेळचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, म्हणतो की त्याच्या बँक खात्यात ९०० युरो उरलेत. म्हणजे ऐंशी हजार रुपये. दाजींनी बातमी तीनदा वाचली. बँकेतला माणूस, शिल्लक बघून त्याच्या मनाला जे होतं ते तुम्हाआम्हाला व्हायचं नाही. मी त्या दिवशी जेवायला तिथंच होतो. आमटी वाढून घेताना भाचा म्हणाला, “बाबा, मी थांबतो.”

“कुठल्या स्पर्धेला?”

“सगळ्याच.”

दाजींनी भात कालवला, संपवला, ताक प्यायले. मग मशीनसमोर बसून त्यांनी भाच्याच्या तिन्ही रॅकेटींचे धडधाकट गट कात्रीनं कापले आणि रात्री एकपर्यंत नवे घातले. पावसाळा सरायचा होता, तरी ५२ पौंडांनी.

आता गंमत पाहा. भाचा एका क्लबात शिकवायला लागला. सकाळी लहान मुलं, संध्याकाळी बाणेर-खराडीचे आयटीवाले. हे आयटीवाले चाळिशीत टेनिस सुरू करतात, तीस हजारांची रॅकेट घेतात आणि बॅकहँडसाठी तासाला देतात त्या पैशात मोनास्तिरला दोन दिवस निघाले असते. वर्षभरात त्यानं जे कमावलं ते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतल्या बक्षिसांच्या कित्येक पट भरलं. ताईकडे खर्चाची वही आहे. तिनं पहिल्यांदा जमेच्या बाजूला पान उलटलं. दाजींना ते पुरतं पटलेलं नाही. २०२४च्या जानेवारीत नागलनं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं. रमेश कृष्णननंतर ३५ वर्षांनी भारतीय पुरुषानं एकेरीत ग्रँड स्लॅमला मानांकिताला हरवलं होतं. दाजींचा मला सकाळीच फोन : “बघितलंत? चारच महिने. चार महिने दम धरला असता तर.” बुब्लिकला नागलनं हरवण्यात आमच्या भाच्यानं दम धरण्याचा संबंध काय, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

आणि मग खरा घाला आला. १ जानेवारी २०२५पासून टेनिसच्या नियमांतच कोर्टाबाहेरून सल्ला द्यायला मोकळीक मिळाली. चौदा वर्षं चोरून केलेला धंदा सरकारनं एकदम परवान्याचा केला, तर हातभट्टीवाल्याला जसं वाटेल तसं दाजींना वाटलं.

गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या हाताखालचा एक बारा वर्षांचा पोरगा खेळत होता म्हणून आम्ही तिघं क्लबात गेलो. पलीकडच्या खुर्चीत नाशिकचे दंतवैद्य. मुलगा आता तोही कोचच, नाशकात. दाजींनी त्यांना शेंगदाणे दिले. कोर्टवर ३०-४०, पोराची दुसरी सर्व्हिस. दाजींचा गळा हलायला लागलेला मला दिसला.

“दाजी, आता सरळ बोललं तरी चालतं,” मी म्हणालो. “नियम बदललाय.”

“सरळ बोललं तर समोरच्यालाबी कळतंय की,” दाजी म्हणाले, आणि दोनदा खोकले.

कोर्टवरच्या पोराला त्यातलं काही कळलं नाही; त्यानं बॅकहँड मारला, जाळीत. माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर चहाचा कप धरून बसलेला भाचा मात्र खुर्चीसकट डावीकडे सरकला.